सिस्टरचे दोन हौद

शनिवार, ६ सप्टेंबर

कचऱ्याची गाडी आज फाटकाशी आली आणि रिकामीच परत गेली. ड्रायव्हरने उतरून आमच्या पिंपांची झाकणं उचलून पाहिली, नाक मुरडलं आणि म्हणाला, "सगळं एकत्र कालवलंय तुम्ही. असला कचरा आता उचलायचा नाही, वरून हुकूम आहे. ओला वेगळा, सुका वेगळा, तरच हात लावू." एवढं बोलून गेला. वास चौथ्या मजल्यावर आमच्या खिडकीत येतोय.

मी जन्मभर इस्पितळात सिस्टर होते, शेवटी शेवटी तर सर्जिकल वॉर्ड माझ्या ताब्यात होता. माझ्या वॉर्डात सुई आणि कापूस एका डब्यात सापडले तर टाकणाऱ्याची धडगत नसे. आणि निवृत्त होऊन मी राहते कुठे, तर जिथे अंड्याची टरफलं, बाळाचे लंगोट आणि फुटकी बरणी एकाच पिशवीत सुखाने नांदतात.

आमचे हे म्हणाले, "मुलाकडे जाऊ या." ह्यांचं सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. नळ गळला, मुलाकडे जाऊ या. लिफ्ट बंद पडली, मुलाकडे जाऊ या. मुलगा दुसऱ्या गावात असतो आणि त्याच्या घरात आमची नात आहे, बोबडं बोलणारी. खरं दुखणं ते.

रविवार, ७ सप्टेंबर

गच्चीवर सोसायटीची बैठक. दुसऱ्या मजल्यावरचे वकील उभे राहिले. त्यांना आम्ही हरकतवकील म्हणतो, अर्थात त्यांच्या माघारी. त्यांचं म्हणणं असं, की एक ठेकेदार बघून ठेवलाय, तो सगळा कचरा आहे तसा उचलेल आणि कालव्यापलीकडच्या मोकळ्या रानात नेऊन टाकेल. शिवाय मागच्या आवारातले ते दोन जुने विटांचे पाण्याचे हौद कोरडेच पडलेत, ते पाडून गाड्या लावायला जागा करावी. माना डोलायला लागल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहिले आणि विचारलं, "कालव्यापलीकडे माणसं राहत नाहीत का?" मग मी पुढचंही बोलून बसले. म्हटलं, कचरा वेगळा करायला सगळ्यांना मी शिकवते, ओल्याचं त्या दोन हौदांत खत करते, सुका कारखान्याला जाईल. वकील म्हणाले, "आणि नाही जमलं तर?" मी म्हटलं, "वार्षिक सभेला बघा. नाही जमलं तर हौद पाडा, ठेकेदार आणा, मी वर बघणार नाही." ठरलं.

घरी आल्यावर ह्यांनीही तेच विचारलं, नाही जमलं तर? मी अजून तापलेलीच होते. म्हटलं, "नाही जमलं तर घराला कुलूप लावून कायमची मुलाकडे येते, एक अक्षर बोलणार नाही. पण जमलं, तर मुलाकडे जायचं नाव परत काढायचं नाही." हे म्हणाले, "चालेल."

मला जायचं नाही. सून चांगली आहे, इतकी चांगली की मला पाण्याचा पेलासुद्धा विसळू देत नाही. तिथे मी पाहुणी. इथे कुणाचं पोर तापलं, कुणाला इंजेक्शन घ्यायचंय, की दाराची बेल वाजते आणि "सिस्टर आहेत का?" म्हणून हाक येते. ती हाक थांबली की मी नुसती एक म्हातारी.

सोमवार, १५ सप्टेंबर

पिंपं रंगवून घेतली, थेट वॉर्डाच्या शिस्तीत. ओल्याला पिवळं, प्लास्टिकला लाल, काच-पत्र्याला निळं. मग मजल्यामजल्यावर राउंड घेतला. दार उघडलं की आधी पिशवी दाखवा. वकिलांच्या बायकोने सांगितलं, साहेब झोपलेत. म्हटलं, साहेबांना झोपू दे, पिशवी जागी आहे ना.

तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तेवढं हौसेने ऐकून घेतलं. त्यांची खिडकी मागच्या आवारात उघडते, हौदांच्या अगदी समोर. त्यांच्याकडे चिंध्यांचा ढीग असतो, त्याच्या भाजीच्या पिशव्या शिवून प्रत्येक घरी देते म्हणाल्या.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

गाडीवरच्या माणसांनी पिवळ्या पिंपाला हात लावायला नकार दिला. ड्रायव्हर म्हणाला, "सिस्टर, पिवळं म्हणजे दवाखान्याचं. आत काय काय असेल म्हणून आमची माणसं घाबरतात. साधं हिरवं करा की." आत भेंडीची देठं होती. वकील गॅलरीत उभे राहून चहा पीत सगळं ऐकत होते.

पिंपं हिरवी-निळी केली. माझे रंग बरोबर होते, पण लोकांना एवढी समज नसेल तर काय करणार.

रविवार, ५ ऑक्टोबर

हौदांच्या भिंतींना हवेसाठी भोकं पाडून घेतली. ओला कचरा आता तिथे पडतो. रोज संध्याकाळी मी खाली जाऊन वरून फिनेल शिंपडते. स्वच्छतेची सवय हाडात भिनलेली आहे, ती काही निवृत्त होत नाही. एक माशी फिरकत नाही तिथे. शिंपीणबाई खिडकीतून म्हणाल्या, "सिस्टर, फिनेलने किडे मरतात, मग हे कुजणार कसं?" म्हटलं, बाई, तुम्ही काज करा.

ह्यांना म्हटलं जरा मदतीला या, तर म्हणाले, "तुझा वॉर्ड, तूच बघ." खुर्ची हलली नाही. जन्म बेकरीच्या भट्टीपुढे गेला, आता उकाडा नको, उठबस नको. पहाटे मात्र जुन्या सवयीने डोळा उघडतो, तेवढं उठून बसतात.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

नीट लिहवत नाही. हौद थंड आहे. तीन आठवडे होत आले तरी दुधीची साल जशीच्या तशी, काल सोलल्यासारखी. खाली नुसता चिखल, त्याला आंबट घाण वास. मी फिनेल दुप्पट केलं, तरी फरक नाही.

वकील आज आवारात उभे राहून पावलांनी जागा मोजत होते. मला बघून म्हणाले, "सिस्टर, मी नुसता अंदाज घेतोय." मी हसून वर आले आणि न्हाणीघरात जाऊन रडले. वॉर्डात पेशंट गेला तरी मी कुणासमोर रडले नाही.

संध्याकाळी मुलाचा फोन. तिकडची मागची खोली रंगवून घेतो म्हणाला, तुम्ही येणारच आहात तर. म्हणजे ह्यांनी सांगितलेलं दिसतं. मी नातीशी बोलले आणि फोन ह्यांच्याकडे दिला. तिने आजोबा कधी येणार विचारलं असावं, कारण हे म्हणाले, "आजीचं काम झालं की." मग बराच वेळ खिडकीतून खाली बघत बसले. जेवताना मी भरलेलं ताट तसंच बाजूला सरकवलं. हे म्हणाले, "तू त्या हौदात नक्की काय काय घालतेस?" मी सांगितलं. फिनेलचं ऐकून त्यांनी घास खाली ठेवला. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, "काही नाही. मीठ कमी आहे."

मंगळवार, ४ नोव्हेंबर

हल्ली फिनेलसुद्धा भेसळीचं यायला लागलंय. पाण्यात टाकलं की पांढरं होतं तेवढं खरं, पण दम नाही. जन्मभर हुंगून माझं नाक तसं मेलेलंच आहे, तरी कळतं. दुकानदाराला चार शब्द सुनवायला निघाले होते, ह्यांनी अडवलं. म्हणाले, "कशाला भांडतेस, पुढचा डबा मी आणतो." घरातलं एक काम आपणहून अंगावर घेतलं, हेही नसे थोडके.

पहाटे हे फिरायला जायला लागलेत. डॉक्टर सांगून सांगून दमला होता, आता म्हणे स्वतःलाच वाटलं. येतात तेव्हा चपला चिखलाने भरलेल्या. म्हटलं, रस्त्याने चालत जा, शेतातून नव्हे.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज सकाळी हौदावरचं झाकण उचललं आणि वाफ आली. खरी वाफ. हात घातला तर आत ऊब, ताप चढलेल्या पोराच्या कपाळासारखी. वरची सालं काळी पडून बसत चालली आहेत आणि घाण वास गेला. उलट काहीतरी बरं येतं, बेकरीच्या मागच्या दारातून येई तसं. ह्यांच्या जुन्या कपड्यांच्या वासाचा भास असेल.

मी शिंपीणबाईंना हाक मारून दाखवलं. म्हटलं, तुम्ही म्हणत होतात फिनेलने कुजणार नाही, आता बोला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्यापुढे हात टेकले." चिकाटी म्हणतात ती ही. वर येताना लिफ्ट चालू होती तरी मी जिन्याने आले.

शनिवार, २९ नोव्हेंबर

ह्यांचं वय झालं. दुपारी नातीशी फोनवर बोलता बोलता डोळा लागला. ती पलीकडून "आजोबा, आजोबा" करतेय आणि हे घोरतायत. मी फोन घेतला. तिने पाठवलेला फोटो नंतर ह्यांनी जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला, परत जवळ. मला जरा वाईट वाटलं. पण शब्द म्हणजे शब्द, आणि ह्यांनीच चालेल म्हटलं होतं.

साबण मात्र फार संपतो. नखं घासत बसतात सकाळी. म्हातारपणी हा कसला शौक कोण जाणे.

शुक्रवार, १९ डिसेंबर

आज गाडीला दिलं ते एकच पिंप, तेही निम्मं. ड्रायव्हर म्हणाला, या रस्त्यावर तुमच्याइतकी स्वच्छ इमारत नाही. कागद, बाटल्या, पत्रा घ्यायला माणूस येतो तो आता आनंदाने येतो, कारण त्याला उष्ट्यात हात घालावे लागत नाहीत. जिन्याखालचे उंदीर गेले. लहान मुलं आता तिथे लपाछपी खेळतात. तिसऱ्या मजल्यावरची बाई बाहेरून जेवण मागवायची, डब्यांचा ढीग दारात लावायला लाज वाटते म्हणून घरी रांधायला लागली. तिचा नवरा मला दुवा देतो.

गंमत म्हणजे मला आता कुणाच्या पिशव्या उघडाव्या लागत नाहीत. वकिलांनीच काल एका पाहुण्याला जिन्यात थांबवून सांगितलं, "ते केळ्याचं साल निळ्यात नाही, हिरव्यात." मी वरच्या वळणावर उभी होते. मला वॉर्डात मेडल मिळालं होतं तेव्हासुद्धा इतकं बरं वाटलं नव्हतं.

शनिवार, २४ जानेवारी

खत तयार. काळं, मोकळं, हातातून सुटणारं. उद्या सभा. शिंपीणबाईंनी पिशव्या शिवून दिल्या, त्यात थोडं थोडं भरून प्रत्येक घराला देणार. भाषणही तयार आहे. ह्यांना वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, "छान आहे. शेवटचं तेवढं गाळलंस तर?" म्हटलं, शेवटचं तर तुमच्याबद्दल आहे. म्हणाले, "म्हणूनच." मी काही गाळलं नाही.

रविवार, २५ जानेवारी

जिंकले. एकूण एक हात वर. वकिलांनी स्वतः ठराव मांडला, की हौद कायम ठेवावेत आणि माझे आभार मानावेत. टाळ्या थांबेनात.

मी बोलायला उभी राहिले. सगळं सांगितलं, गाडी परत गेली तिथपासून. मग म्हटलं, "खत कसं झालं ते विचारतात सगळे. गुपित काही नाही. वॉर्डाची शिस्त, आणि रोज संध्याकाळी न चुकता फिनेल." इथे सगळी गच्ची हसली. मला वाटलं, बरं, लोकांना मजा येतेय. पुढे म्हटलं, "आमच्या ह्यांनी यात एक पान इकडचं तिकडे केलं नाही, पण आडवेही आले नाहीत, तेव्हा त्यांचेही आभार." तर लोक इतके हसले की कुणीतरी डोळे पुसत होतं. वकील खाली मान घालून चष्मा पुसत बसले. टाळ्या सगळ्यांत जोरात हेच वाजवत होते.

मी इतकी विनोदी आहे हे मला माहीत नव्हतं. पण आता अंथरुणात पडल्यावर ते हसणं काही डोक्यातून जात नाही. माझ्या बोलण्याला हसणारे लोक माझ्याकडे बघतील, हे सगळे ह्यांच्याकडे बघत होते.

सोमवार, २६ जानेवारी

सकाळी तडक शिंपीणबाईंकडे गेले. म्हटलं, काल काय हसत होतात सगळे? त्या सुईत दोरा ओवत राहिल्या, ओवलेलाच दोरा काढून परत ओवला. मग म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हाला खरंच माहीत नाही? आम्हाला वाटलं, तुम्ही नवऱ्याची फिरकी घेताय."

मग सांगितलं. हे पहाटे फिरायला जातच नाहीत. मी झोपेत असताना जिना उतरतात आणि हौदात उतरतात. माझा तो फिनेलने मेलेला सगळा ढीग ह्यांनी फावड्याने उपसून बाहेर काढला, पसरून वाळवला, झाडाखालची पानं गोळा करून थरावर थर लावून परत भरला. तेव्हापासून रोज पहाटे खालवर करतात, कणीक मळल्यासारखं. हात घालून ऊब बघतात. आणि फिनेलच्या डब्यात फिनेल नाहीच. बेकरीतल्या जुन्या सोबत्याकडून यीस्ट आणतात, साखरेच्या पाण्यात फुलवतात आणि डब्यात भरून ठेवतात. संध्याकाळी मी तेच शिंपडत होते. बाईंना शपथ घातली होती, पण मागच्या खिडक्या सगळ्यांनाच आहेत.

ऐकताना माझे कान लाल झाले. भर सभेत मी फिनेलचं कौतुक केलं. घरी आले, ह्यांच्याशी बोलले नाही, भांडी आपटली. हे वर्तमानपत्राआड गेले, म्हणजे कळलं असणार.

मग दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना दुसरीच गोष्ट लक्षात आली आणि मी खालीच बसले. पैज आमची दोघांची होती. मी हरले असते तर हे नातीकडे जाणार होते. त्यासाठी ह्यांना काहीही करायचं नव्हतं. त्या खुर्चीत नुसते बसून राहिले असते तरी जिंकले असते. माझं फिनेल त्यांचं काम करतच होतं.

आणि हा माणूस पहाटे अंधारात उठून, गुडघे दुखत असताना, मला जिंकवायला हौदात उतरत होता. त्या फोनवर लागलेल्या डुलकीवरून मी ह्यांना म्हातारे म्हटलं. आज मला स्वतःचा राग आला आणि ह्यांचा इतका अभिमान वाटला की पुढचं लिहिता येत नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

पहाटे हे उठले तशी मीही उठले. खाली हौदाशी ह्यांनी पदर खोचायची खूण केली आणि दुसरं फावडं माझ्या हातात दिलं. दुसरं फावडं होतं म्हणजे कधीतरी मी येईन असं धरलेलं होतं.

थोडं खालवर करून झाल्यावर मी विचारलं, "का केलंत हे? तुम्हाला तर जायचं होतं."

हे म्हणाले, "हरलीस की तू जेवत नाहीस. तुला उपाशी घेऊन नातीकडे जाऊन मी काय करणार होतो?"

"मला सांगायचं तरी, की फिनेल घालू नकोस."

"तुला? तुझ्या वॉर्डात कुणी सांगितलं होतं कधी?"

मी एक फावडं भरून उलटलं. मग म्हटलं, "म्हणजे मी काहीच केलं नाही, सगळं तुम्हीच."

ह्यांनी फावडं टेकवलं. "अगं, ढीग खालवर करणं सोपं. या वकिलाने केळ्याचं साल वेगळं ठेवलं ते काय माझ्या सांगण्याने? मी दारात गेलो असतो तर माझ्याच हातात पिशवी देऊन दार लावलं असतं. तुझा धाक होता म्हणून हौदात कचरा चांगला आला. वाईट पिठाचा पाव मला जन्मात जमला नाही." मग परत कामाला लागले.

ह्यांचे हात मी इतक्या वर्षांत नीट पाहिले नव्हते असं वाटलं. चांगले आहेत.

शुक्रवार, ३० जानेवारी

दोन दिवस विचार केला आणि आज मीच मुलाला फोन लावला. म्हटलं, उन्हाळ्यापर्यंत येतो तुझ्याकडे, पुढचं पुढे. त्याला खरं वाटेना, दोनदा विचारलं की बाबांची तब्येत बरी आहे ना. इथला राउंड वकिलांनी मागून घेतलाय, खालवर करायला शिंपीणबाई आणि त्यांची बहीण आहे. फोनआधी ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "पण पैज तू जिंकलीस." म्हटलं, जिंकलेल्याने काय करायचं ते जिंकलेला ठरवतो. ह्यांनी तोंड फिरवलं आणि उगाच खिडकीची कडी लावत बसले.

एवढं बोलले खरी, पण एक प्रश्न होताच. तिथे जाऊन मी करणार काय? सुनेने पेला काढून घेतला की हात रिकामेच. फोन ठेवता ठेवता म्हणून सहज विचारलं, तुमच्या इमारतीत कचऱ्याचं काय करता? मुलगा म्हणाला, "काय करणार आई, सगळा एकत्र. वास मारतो जिन्यात. कुणी पुढाकारच घेत नाही."

मी विचारलं, "मजले किती?"

"अठरा."

फोन मोठ्या आवाजात होता, ह्यांनीही ऐकलं. वर्तमानपत्र बाजूला ठेवून खुर्चीतून उठून माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

मी मुलाला सांगितलं, "रविवारी पोचतो. तोवर भाजीची देठं टाकू नका."